जबाबात न आलेलं
(कादंबरी लिहू पाहणाऱ्यांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं)

या महिन्यात पत्रं बरीच आली. निम्म्याहून जास्त पत्रांत एक वाक्य आहेच : ‘माझ्या आयुष्यात एवढं घडलंय की त्याची कादंबरीच होईल.’ होईल की. आपल्याकडं कुणाच्या आयुष्यात कमी घडलंय? निवडक पत्रांना उत्तरं देतोय. राहिलेल्यांनी राग धरू नये.

प्रश्न : माझं सासर किल्लारीच्या जवळचं. भूकंपात सासूबाई आणि धाकटे दीर गेले. निवृत्तीनंतर बसून साडेतीनशे पानं लिहिली. त्यात एक शब्द खोटा नाही. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण एका जाणकारांनी सांगितलं, ‘या आठवणी झाल्या, कादंबरी झाली नाही.’ नेमकं काय कमी पडतंय? पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवते.
— निवृत्त शिक्षिका, औसा तालुका

उत्तर : ताई, प्रकरणं दोनदा वाचली. तुम्ही हे सगळं तीस वर्षं सांगत आलाय. पाहुण्यांना सांगितलं, माहिती घ्यायला आलेल्या कॉलेजच्या पोरांना सांगितलं, दर सप्टेंबरला वर्गात सांगितलं. सांगून सांगून त्या रात्रीचा क्रम ठरून गेलाय. अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून उशिरा येऊन निजलेलं गाव, पहाटेचे तीन छप्पन्न, आवाज, धूळ, पाऊस, मिल्ट्रीच्या गाड्या. यातलं काही खोटं नाही. पण किल्लारीपासून सास्तूरपर्यंत कुणालाही विचारा, याच क्रमानं सांगेल. त्यात तुमचं असं किती उरलं?

हे मला कसं दिसलं ते सांगतो. माझं उभं आयुष्य लातूरला कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज, जबाब, प्रतिज्ञापत्रं लिहिण्यात गेलं. जुनी माणसं मला अजून अर्जनवीस म्हणतात. समोर बसलेला माणूस बोलायला लागला की लगेच कळतं, हा हे पहिल्यांदा सांगतोय की विसाव्यांदा. विसाव्यांदा सांगणारा अडखळत नाही. कुठं थांबायचं, कुठं उपरणं डोळ्याला लावायचं, हे त्याला ठाऊक असतं. ढोंग नसतं ते, सवय असते. अर्जाला ते फार सोयीचं पडतं, मी भराभर उतरवून घ्यायचो. मग सही-अंगठा होऊन, पैसे देऊन, पिशवी उचलता उचलता तो एखादं वाक्य टाकून जायचा. एकानं भावाविरुद्ध बांधाचा अर्ज लिहून घेतला आणि उठताना म्हणाला, ‘तसं आमचं काय वाकडं नव्हतं हो, पर माय वारली तवा तिची पेटी त्यानं मला न इचारता उघडली.’ अर्जात हे कुठं घालणार? तहसीलदाराला बांध कुणाचा ते हवं असतं, पेटीशी त्याला काय करायचंय? मला मात्र घरी जाताना पेटीच आठवायची. माझ्या पहिल्या कादंबरीत बांध अर्ध्या पानात उरकलाय.

आता तुमच्या पानांकडं येतो. पहिल्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय : ‘पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काळानं घाला घातला आणि क्षणात होत्याचं नव्हतं झालं.’ हे कुणीही लिहील. त्याच्या पुढच्याच पानावर मात्र हे आहे : ‘मधल्या घरात मखर आणि समयांनी अर्धी जागा अडवली होती, म्हणून सासूबाईंनी मला पत्र्याच्या पडवीत अंथरूण टाकायला सांगितलं.’ सांगितलं, आणि त्या स्वतः आत निजल्या. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्यानंच त्या रात्री जास्त जीव घेतले, हे नंतर सगळ्यांना कळलं. तुम्ही पत्र्याखाली होता. म्हणजे मखर वेळेवर आवरलं गेलं नाही म्हणून तुम्ही आज हे लिहिताय. ते आवरायचं काम कुणाचं होतं? तुमचं होतं का? थकला होता म्हणून सकाळवर टाकलं होतं का? हे तुम्ही एका ओळीत सांगून पुढं निघून गेलात, आणि मदतकार्याला मात्र सोळा पानं दिलीत.

तिसऱ्या प्रकरणात तर कमालच केलीत. ‘सासरे मोठ्या घराला पात्र असताना मधलं घर मागत होते. त्यावरून घरात वाद झाले. असो.’ ताई, त्या ‘असो’ला मी लाल शाईनं गोल केलाय.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे ठाऊक नसतं. भूकंपानंतर बावन्न गावं उचलून दुसरीकडं वसवली. तिथं घर केवढं मिळणार ते जमिनीवरून ठरलं : हेक्टरभरापर्यंत अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशे, त्याच्यावर साडेसातशे. तुमच्या सासऱ्यांची वीस एकर, म्हणजे आठ हेक्टर, म्हणजे साडेसातशेचं घर हक्काचं. बायको आणि मुलगा गमावलेला म्हातारा टेबलासमोर उभा राहून सांगतो, मला चारशेचं द्या. का सांगतो? मोठ्या घरात जायला त्याला माणसंच उरली नव्हती म्हणून? भावकीतल्या कुणाला अडीचशेचं आलं आणि त्याच्याकडं बघवेना म्हणून? की बायकोनं उभ्या केलेल्या वाड्याच्या बदल्यात सरकारकडून भरपूर घेतलं, असं त्याला म्हणवून घ्यायचं नव्हतं? तुम्हाला नक्की माहीत नाही. तिथूनच लिहायला लागा.

आणि तुम्हाला काय हवं होतं? तीन प्रकरणांत याचा पत्ता नाही. तुम्ही नोकरी करणारी सून, पदरात लेकरू. साडेसातशेचं घर तुम्हाला हवं असणारच, त्यात गैर काय? पण ज्या घरात दोन मयतं झालीत तिथं सुनेनं मोठ्या घराचं नाव काढायचं कसं? ते न काढलेलं नाव तीस वर्षं तुमच्या पोटात आहे. पत्रकारानं ते विचारलं नाही, म्हणून सांगायची सवयही लागली नाही. म्हणून ते अजून ताजं आहे.

माझं ऐका. भूकंप दोन पानांत उरका, किंवा अजिबात दाखवू नका. घरं वाटपाच्या यादीपासून सुरू करा. एक प्रकरण सासऱ्यांच्या बाजूनं लिहा, त्यांच्या डोक्यात शिरून, चक्क बनवून. ‘एक शब्द खोटा नाही’ हा अभिमान सोडायचा. ‘वरील मजकूर खरा आहे’ अशी सही प्रतिज्ञापत्राखाली करावी लागते. कादंबरीखाली ती कुणी मागत नाही.

प्रश्न : बँकेत नोकरी आहे, रोज जाऊन-येऊन करतो. कादंबरीला वेळ कसा काढावा? रोज किती पानं लिहावीत?
— वसमत

उत्तर : बी. रघुनाथ परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करत होते. कथा, कविता, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेलेसुद्धा. पानांचा हिशेब ठेवू नका, तो बँकेत ठेवताच. सकाळी कामावर निघण्याआधी लिहा. संध्याकाळी डोक्यात दिवसभराची गिऱ्हाइकं भांडत असतात. रविवारवर विसंबू नका. रविवारी लग्नं असतात.

प्रश्न : आई-वडील ऊसतोडीला जायचे. मी डी.एड. झाले. त्यांच्यावर कादंबरी लिहायची आहे. आमचा मुकादम भावकीतलाच. नावं बदलली की झालं ना? आई म्हणते, ‘आपली आब्रू वेशीला कशाला टांगायलीस?’
— धारूर तालुका

उत्तर : आधी कायद्याचं, कारण तो माझा धंदा. नाव बदललं म्हणजे सुटलो, असं नाही. वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला आणि त्याची बदनामी झाली, तर तक्रार होऊ शकते. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३५६ झालंय. तेव्हा ‘भगवान’चा ‘रामकिसन’ करून बाकी मोटारसायकल, सोन्याचा दात, दोन बायका जशाच्या तशा ठेवल्या, तर सगळं गाव बोट दाखवील.

पण त्याहून मोठी अडचण लिखाणाची आहे. तुमच्या टिपणात मुकादम पहिल्या ओळीपासून वाईट आहे. वाईट माणूस वाईट वागला, यात वाचकाला पुढं काय वाचायचं? मुकादमाचं तुम्हाला सगळं माहीत आहे. कारखान्याचा पैसा त्याच्या हातात येतो, तो टोळीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो, आणि एखादा कोयता, म्हणजे तोडणाऱ्यांची जोडी, रातोरात पळाला तर ती उचल त्याच्या अंगावर पडते. त्यालाही कुणीतरी दारात येऊन बसणारा आहे. त्याला काहीतरी हवं असू द्या, जे त्याच्या धंद्यात मिळणार नाही. पोरगी शिकवायचीय, म्हणा. ती पोरगी तुमच्याच वर्गात आहे, म्हणा. असं केलंत की तुमच्या भावकीतला मुकादम आपोआप मागं पडतो आणि दुसराच माणूस उभा राहतो. कायद्यालाही ते बरं आणि कादंबरीलाही.

आता आईचं. आईला ‘तुझे हाल सांग’ म्हणू नका. हाल सांगून सांगून त्यांना पाठ झालेत. दसऱ्याला गाव सोडलं, पाचटाच्या कोपीत राहिलो, लेकरू फडात जन्मलं. शब्द न् शब्द पाठ. वाढ्याचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं, विचारा. एका कोयत्यात नवरा-बायको दोघं धरतात, पण उचल मोजून घेतो नवरा. उसाचे वाढे विकून जे रोजचे सुटे पैसे यायचे ते कुणाकडं असायचे? आईकडं असले तर लुगड्याच्या कुठल्या गाठीत? त्यातले किती वडिलांना सांगायच्या, किती नाही? त्या पैशांतून तुमची पहिली वही आली का? हे विचारल्यावर आई आधी हसतील आणि मग इकडं-तिकडं बघतील. तिथं थांबा, घाई करू नका.

लिहून झालेलं प्रकरण त्यांना वाचून दाखवा. आब्रूचं त्या विसरतील आणि चुका काढायला लागतील. ‘आगं, तवा मोळ्या बांधून झाल्या व्हत्या, गाडी भरायची राह्यली व्हती. तुजा बाप तवा तितं नव्हताच.’ बाप कुठं होता, हे पुढचं प्रकरण.

प्रश्न : निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत असावेत का?
— उदगीर

उत्तर : तुमच्याकडं ‘काय करलालास’ म्हणतात, परभणीकडं ‘काय करायलास’. एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही घातलंत तर तो कुठलाच राहत नाही, एवढं सांभाळा. पुण्याच्या वाचकाला कळेल का, ही काळजी तुमची नाही. निवेदन कोण करतंय ते आधी ठरवा. तो देगलूर नाक्यावरचा टायरवाला असेल तर पहिल्या पानावर प्रमाण भाषेत आणि दुसऱ्या पानावर बोलीत कशाला बोलेल? आणि कृपा करून ‘न’च्या जागी ‘ण’ घालून बोली होत नसते.

प्रश्न : माझे आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. १९४८ साली ते लातूरहून बार्शीला गुप्त निरोप पोचवायचे. त्यांच्या कहाणीवर कादंबरी लिहितोय. काळ नीट उभा राहिलाय का, ते सांगा. आजोबांच्या काही वह्या घरात आहेत, पण त्या उर्दूत असल्यानं उपयोग झाला नाही.
— अभियंता, पुणे (मूळ गाव मुरूड)

उत्तर : तुमचे आजोबा पहिल्याच प्रकरणात रझाकारांना चुकवून सोयाबीनच्या रानात लपतात. साहेब, त्या काळात आपल्याकडं सोयाबीन कुठलं आणायचं? ते आपल्या रानात नंतर कितीतरी वर्षांनी आलं. शिवाय गुडघ्याएवढ्या सोयाबीनमध्ये लपायचं म्हणजे पालथंच पडावं लागेल. भादव्यात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली असते, तिच्यात लपवा. पानांचा आवाज होतो, हातांना चरे पडतात, हेही फुकटात मिळेल.

आजोबा बार्शीच्या स्टेशनाबाहेर चहाचे दोन आणे देतात. कुठले आणे? निजामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजी मुलखातला कलदार वेगळा. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा भाव. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे सरहद्दीपलीकडची. गुप्त निरोप घेऊन गेलेल्या माणसानं चहावाल्याच्या हातावर हाली आणे ठेवले, तर तो कुठून आलाय हे आख्ख्या स्टेशनाला कळणार. तुम्ही तुमच्याही नकळत एक चांगला प्रसंग लिहून बसलाय, फक्त तो घडवायचा राहिलाय. लातूर-बार्शी तेव्हा नॅरो गेज होती, बार्शी लाईट. ती तुम्ही बरोबर घातलीय. पण तिच्यात विजेचा पंखा फिरवलाय, तो काढा.

गावकामगार म्हणून तलाठी घातलाय, त्या जागी पटवारी हवा. सरकारी कागदावर १९४८ नको, निजामाच्या सरकारी सालगणनेतलं १३५७ फसली हवं. फसली सालात पाचशे एक्याण्णव मिळवले की इसवी सन मिळतं, फक्त आपल्याकडं ते साल ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत एकानं चूक होते. पोलीस अ‍ॅक्शन १३ ते १७ सप्टेंबरची, ती १३५७ मध्येच बसते.

हे झालं रंगरंगोटीचं. खरं दुखणं शेवटच्या ओळीत आहे, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. उर्दूत आहेत म्हणून उपयोग झाला नाही!

तुमच्या आजोबांचं शिक्षण उर्दूत झालं, कारण निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतच होतं. ज्या राजवटीविरुद्ध त्यांनी जीव धोक्यात घातला तिच्याच शाळेत गिरवलेल्या अक्षरांत ते नंतरही घरचा हिशेब लिहीत राहिले. त्यांच्या मुलांना ते वाचता येईना, नातवाला तर नाहीच. हिशेब मराठीत लिहायला त्यांना कुणी अडवलं होतं? की घरातल्यांना कळू नये असं काही त्यात होतं? की हात त्याच अक्षरांना सरावला होता, बाकी काही नाही? घरात सांगितली जाणारी आजोबांची कहाणी तुम्ही साडेचारशे पानांत लिहून काढलीत. ती १७ सप्टेंबरच्या भाषणात दर वर्षी कुणीतरी सांगतंच. आजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं मात्र कपाटात आहे.

लातूरला, उदगीरला, अगदी मुरुडातसुद्धा उर्दू वाचणारी माणसं आहेत. जुन्या शिक्षकांपैकी कुणाकडं तरी वह्या घेऊन जा आणि शेजारी बसून वाचून घ्या. कदाचित कडब्याचे पैसे, गड्याची उसनवारी, बैलाचं औषध, एवढंच निघेल. निघू द्या. कोणत्या महिन्यात आजोबा गावात नव्हते ते त्यातून कळेल, आणि त्या महिन्यात हिशेब दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात असेल तर मला लगेच फोन करा.

प्रश्न : एक प्रकाशक कादंबरी छापायला तयार आहेत. छपाईचे पैसे मलाच द्यायचे आहेत, शिवाय आयएसबीएनचे वेगळे मागतात. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं लिहिलंय. सही करू का?
— हिंगोली

उत्तर : करू नका. आपल्या देशात आयएसबीएन क्रमांक फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो घेता येतो, तुम्हाला स्वतःलाही. अर्ज भरायचे कष्ट म्हणून कुणी दोन पैसे मागितले तर समजू शकतो, पण क्रमांकाची किंमत म्हणून मागत असतील तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बरेच प्रश्न सुटतात.

हक्कांचं असं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं, लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणी केली नाही तरी झाला. तुमच्या हयातीत तो राहतो आणि त्यानंतर साठ वर्षं वारसांकडं. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणून तर तुमच्या प्रकाशकांनी ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आठवणीनं घातलाय. तो खोडा. त्या जागी एक आवृत्ती, प्रती किती, मुदत किती, मानधन किती टक्के आणि कधी, हे लिहून घ्या. अनुवाद, ऑडिओ, नाटक, सिनेमा यांचा त्यात उल्लेखही नको, ते पुढं वेगळं बघता येईल. आणि छपाई तुमच्या पैशानं होणार असेल तर छापलेल्या प्रती तुमच्या. त्यातल्या पन्नास तुम्हाला ‘लेखक सवलतीत’ विकत देऊ, असं कुणी म्हणालं तर हात जोडून निघून या.

सुधारलेला मसुदा आला की झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पानांच्या दोन्ही बाजू काढा. मागच्या वेळी एकांनी पुढचीच बाजू पाठवली होती आणि अटी सगळ्या मागं होत्या.